बिनकिमतीचं अमरत्व : 'ब्रेकिंग डॉन' आणि वाचकांचा अपेक्षाभंग

२ ऑगस्ट २००८ च्या मध्यरात्री अमेरिकेतली पुस्तकांची दुकानं मुद्दाम उघडी ठेवली होती. स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेतली चौथी आणि शेवटची कादंबरी, 'ब्रेकिंग डॉन', त्या रात्री विक्रीला आली. पहिल्याच दिवशी एकट्या अमेरिकेत सुमारे १३ लाख प्रती खपल्या. आणि मग आठवडाभरात एक वेगळीच गोष्ट घडली. पुस्तक वाचून संपवलेल्यांपैकी बरेच जण संतापले. काहींनी तर 'पुस्तक दुकानात परत करा' अशी हाक दिली. हे या मालिकेचे टीकाकार नव्हते. टीकाकारांनी पुस्तक विकतच घेतलं नव्हतं. रागावले होते ते पहिली तीन पुस्तकं जवळजवळ पाठ असलेले वाचक.

माझ्यापर्यंत हा राग वर्षभरानं, २००९ च्या दिवाळीच्या सुट्टीत पोहोचला. भाची तेव्हा सोळा वर्षांची होती. सुट्टीला माझ्याकडे आली ती ही चार जाडजूड पुस्तकं घेऊनच. तीन दिवस ती गच्चीवर चौथं पुस्तक वाचत होती. चौथ्या दिवशी खाली येऊन तिनं ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, एवढं सगळं करून शेवटी काहीच कसं झालं नाही गं?" मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवते. पेपर तपासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "असल्या पुस्तकांत आणखी काय व्हायचं असतं?"

ते उत्तर चुकीचं होतं, आणि आळशीही. गेल्या उन्हाळ्यात मी चारही कादंबऱ्या ओळीनं, वहीत टिपणं काढत वाचल्या, तेव्हा हे लक्षात आलं. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाला बऱ्याच उशिरा दिलेलं उत्तर आहे.

ज्यांनी ही पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या सदा पावसाळी गावात सतरा वर्षांची बेला स्वान आपल्या वडिलांकडे, चार्लीकडे राहायला येते. वर्गातल्या एडवर्ड कलनच्या प्रेमात पडते. एडवर्ड व्हॅम्पायर आहे. त्याचं कुटुंब माणसांऐवजी जनावरांच्या रक्तावर जगतं. बेलाला त्याच्यासारखं अमर व्हायचं आहे आणि एडवर्डला ते मुळीच नको आहे. दुसऱ्या बाजूला जेकब ब्लॅक, बेलाचा मित्र, लांडग्याचं रूप घेणाऱ्या टोळीतला. त्याचंही तिच्यावर प्रेम. 'ट्वायलाइट' २००५ मध्ये आली, 'न्यू मून' २००६ मध्ये, 'एक्लिप्स' २००७ मध्ये. तिन्ही पुस्तकं एकाच प्रश्नाभोवती फिरतात : बेला माणूसपण सोडणार का, आणि सोडलं तर त्याची किंमत काय?

हा प्रश्न मायर यांचा नवा नाही. व्हॅम्पायर-कथेचा तो कणाच आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) ल्यूसी ही लाडकी मुलगी रात्री लहान मुलांचं रक्त पिणारी होते, आणि ज्याच्याशी तिचं लग्न ठरलेलं असतं त्यालाच तिच्या छातीत खुंटा ठोकावा लागतो. अ‍ॅन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये (१९७६) ही किंमत सर्वांत क्रूर रूपात दिसते. क्लॉडिया ही पाच वर्षांची मुलगी व्हॅम्पायर केली जाते. तिचं मन प्रौढ स्त्रीचं होतं, शरीर मात्र कायमचं पाच वर्षांचं राहतं. राइस यांची स्वतःची मुलगी १९७२ मध्ये, अशाच वयात, ल्युकेमियानं गेली होती. हे ठाऊक असलेल्या वाचकाला क्लॉडियाची पानं वाचणं जड जातं. मुलाला मरणापासून वाचवलं तर काय होईल, याचं राइस यांनी दिलेलं उत्तर आईला दिलासा देणारं नाही. म्हणूनच ते खरं वाटतं.

मराठी वाचकालाही हा हिशेब परका नाही. वि. स. खांडेकरांचा ययाती तारुण्य मिळवतो ते पोटच्या मुलाकडून. नारायण धारपांच्या 'लुचाई'त, म्हणजे स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेल्या कादंबरीत, रक्तपिपासू आपल्या मातीत येतो, आणि तिथंही कुणी फुकटात सुटत नाही. योगायोग असा, की धारप गेले तेही २००८ च्या ऑगस्टमध्येच, 'ब्रेकिंग डॉन' विकली जात होती त्याच महिन्यात.

मायर यांना हा हिशेब कळत नव्हता असं म्हणायला जागा नाही. मधल्या दोन कादंबऱ्या नीट वाचल्या की उलटंच दिसतं. 'न्यू मून'मध्ये एडवर्ड बेलाला सोडून जातो, आणि पुढे काही पानांवर फक्त महिन्यांची नावं आहेत : ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी पान कोरं. पहिल्यांदा चाळताना मला ती छपाईतली चूक वाटली होती. एका मुलीचे चार महिने आयुष्यातून गळून पडले हे सांगायची ती पद्धत आहे, आणि चांगली पद्धत आहे.

'एक्लिप्स' तर मला या चारांतली सर्वांत प्रामाणिक कादंबरी वाटते. तिच्यात 'अनहॅपी एंडिंग' नावाचं एक प्रकरण आहे. एडवर्डची बहीण रोझली, दिसायला सर्वांत सुंदर आणि बेलाशी सर्वांत तुटक वागणारी, त्यात आपली गोष्ट सांगते. १९३३ चं रोचेस्टर शहर. तिचा श्रीमंत वाग्दत्त वर आणि त्याचे मित्र दारूच्या नशेत तिच्यावर अत्याचार करून तिला रस्त्यावर मरायला टाकून जातात. तिला व्हॅम्पायर करून वाचवलं जातं. पण तिच्या मनात रुतून बसलेली गोष्ट वेगळीच आहे. तिच्या मैत्रिणीला एक मूल होतं, गालाला खळी पडणारं. तसं मूल, तसं म्हातारं होणं, तसा साधा संसार तिला हवा होता, आणि तो आता अनंतकाळ मिळणार नाही. रोझली बेलाला सांगते ते एवढंच : तुझ्यापुढे निवड आहे, मला ती नव्हती, आणि तू चुकीची निवड करते आहेस.

याच पुस्तकात जास्पर नव्यानं झालेल्या व्हॅम्पायरांची हकिकत सांगतो. पहिलं वर्षभर त्यांना तहानेपुढे काही सुचत नाही, आई-बाप ओळखू येत नाहीत. म्हणून बेलाच्या बेतात चार्लीशी संबंध तोडणं गृहीतच आहे. शेवटाकडे ब्री नावाची एक पोरगी येते. नुकतीच व्हॅम्पायर झालेली, शरण आलेली, लढायलाही तयार नसलेली. व्हॅम्पायरांची राजसत्ता असलेले इटलीतले व्होल्तुरी तिथे येतात. कलन कुटुंब तिला सांभाळायला तयार असतं. तरीही व्होल्तुरी तिला मारून टाकतात, कारण नियम म्हणजे नियम. बेला डोळे मिटून घेते.

म्हणजे तीन पुस्तकांनी वाचकाला काय काय सांगून ठेवलं? अमर झालीस तर मूल नाही. वडील नाहीत. वर्षभर तरी तू तू नसशील. व्होल्तुरी दयामाया जाणत नाहीत. आणि जेकबचं काळीज तुटेल, कारण 'एक्लिप्स'मध्ये बेलाला उमगतं की तिचं त्याच्यावरही प्रेम आहे. त्या रात्री ती रडते ते खरं रडणं आहे. लांडग्यांमध्ये 'इंप्रिंटिंग' नावाचा प्रकार असतो, एखाद्या व्यक्तीशी जन्माची गाठ आपोआप बांधली जाणं. त्याचीही किंमत लेखिकेनं दाखवून ठेवली आहे : सॅमची गाठ एमिलीशी जुळते आणि लीया उभं आयुष्य कडवट होऊन बसते.

आता 'ब्रेकिंग डॉन'. साडेसातशे पानांचं हे पुस्तक तीन भागांत आहे. पहिला भाग लग्नाचा आणि मधुचंद्राचा. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. शेवटी बेलाला दिवस गेल्याचं कळतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दुसरा भाग जेकबच्या तोंडून येतो, आणि इथे पुस्तक अचानक जिवंत होतं. बेलाच्या पोटातलं मूल तिला आतून मोडत असतं. बरगड्या तडकतात, अन्न टिकत नाही, ती खंगत जाते. शेवटी झाकणाच्या पेल्यातून, स्ट्रॉनं, ती माणसाचं रक्त पिते आणि तिला बरं वाटतं. हे सगळं एका चिडलेल्या, दुखावलेल्या, उपरोधिक पोराच्या नजरेतून. प्रकरणांना त्यानं दिलेली लांबलचक शीर्षकंसुद्धा त्याच्या तोंडची वाटतात. किशोरांसाठी म्हणून छापलेल्या पुस्तकात बाळंतपणाचं इतकं भेदक वर्णन मी दुसरं वाचलेलं नाही. अनेक समीक्षकांना याच भागाची शिसारी आली. मला वाटतं, साडेसातशे पानांत किंमत मोजली जाते ती इथेच, आणि म्हणून वाचक इथे जागा असतो.

बाळंतपणात बेलाचं हृदय थांबतं. एडवर्ड तिच्या हृदयात विष टोचतो. ती मरून व्हॅम्पायर म्हणून जागी होते, आणि तिसरा भाग सुरू होतो. हिशेबाची वही इथे बंद होते. मूल होणार नव्हतं. झालं, गोड मुलगी झाली. वर्षभराची वेडी तहान? पहिल्याच शिकारीत माणसाचा वास येऊनही बेला स्वतःला आवरते. जास्परला ते पाहून धक्का बसतो, कारण त्याच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात हे बसत नाही. पुस्तकाकडे याचं स्पष्टीकरण आहे : बेला मनाची तयारी करून आली होती. स्पष्टीकरण तर्काला चालतंही, पण आधीच्या पुस्तकात जास्परनं अंगावर शहारे आणून सांगितलेलं सारं त्यानं निकालात निघतं. वडील? जेकब चार्लीसमोर लांडगा होऊन दाखवतो, आणि चार्ली 'जेवढं कळणं गरजेचं तेवढंच सांगा' म्हणत मुलीच्या घरी येऊ-जाऊ लागतो. आणि जेकब? त्याची गाठ बेलाच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीशी, रेनेस्मीशी बांधली जाते. त्याची जखम एका क्षणात बरी होते. लीयाची जन्मभर न भरलेली जखम वाचकानं पाहिली आहे. जेकबची भरायला एक परिच्छेद पुरतो.

हे असं का झालं असावं? मायर लिहिता लिहिता थकल्या, घाई केली, प्रसिद्धीनं बिघडल्या, असे तर्क तेव्हा झाले. मला त्यांत तथ्य वाटत नाही. खरी गोष्ट मायर यांनीच सांगून ठेवली आहे. 'ट्वायलाइट'नंतर त्यांनी लगेच लिहिली ती 'न्यू मून' नव्हे, तर 'फॉरएव्हर डॉन' नावाची न छापलेली कादंबरी. तिच्यात लग्न होतं, बेटावरचा मधुचंद्र होता, रेनेस्मीचा जन्म होता, जेकबचं इंप्रिंटिंग होतं, व्होल्तुरींशी सामना होता. म्हणजे शेवट आधीच लिहून तयार होता. प्रकाशनासाठी नायिकेचं शाळकरी वय पुढे न्यावं लागणार होतं म्हणून मधली दोन पुस्तकं नंतर आली. आणि त्या आधीच्या लेखनात जेकब बेलाच्या फारसा जवळचाच नव्हता.

माझ्या मते अपेक्षाभंगाचं मूळ या क्रमात आहे. लेखिकेच्या हाती २००३ सालच्या स्वप्नातून उगवलेल्या एका परीकथेचा शेवट होता. मग तिनं दोन मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांत ती अधिक चांगली लेखिका झाली. जेकबला जीव आला. रोझलीला भूतकाळ मिळाला. लीया, ब्री, जास्पर यांनी परीकथेच्या जगात परिणाम नावाची चीज आणली. पण शेवट तोच राहिला. जुन्या मापानं शिवलेला झगा वाढलेल्या अंगावर घालावा तसा तो सगळीकडे उसवतो. वाचक मालिकेबरोबर वाढले होते. शेवट वाढला नव्हता.

व्होल्तुरींचा प्रसंग यासाठी बारकाईनं पाहण्यासारखा आहे. रेनेस्मी ही 'अमर बालक' आहे, म्हणजे क्लॉडियासारखी, लहानपणीच व्हॅम्पायर केलेली, असा गैरसमज होतो. असं मूल घडवणं हा या जगातला सर्वांत मोठा गुन्हा. जवळजवळ दोनशे पानं तयारी चालते. इजिप्त, आयर्लंड, रुमानिया, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून साक्षीदार येतात. सराव होतो, निरोपाची पत्रं आणि खोटे पासपोर्ट तयार होतात. बर्फाच्या मैदानावर दोन फळ्या समोरासमोर येतात. चुगली करणारी इरिना जाळली जाते. आणि मग अ‍ॅलिस एका तरुणाला घेऊन येते. नाउएल. तोही अर्धा माणूस, अर्धा व्हॅम्पायर, दीडशे वर्षांचा, सात वर्षांत पूर्ण वाढलेला. म्हणजे रेनेस्मीपासून धोका नाही, आणि ती मरणारही नाही. व्होल्तुरी परत जातात. ज्यांनी शरण आलेल्या ब्रीला सोडलं नाही, ते.

मायर यांचं यावरचं म्हणणं विचारात घेतलं पाहिजे. त्यांनी शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा दाखला दिला आहे : संकट हत्यारांऐवजी युक्तिवादानं सुटतं. पुस्तकातही त्याची खूण आहे. अ‍ॅलिस घर सोडून जाताना चिठ्ठी लिहिते ती त्याच नाटकाच्या फाडलेल्या पानावर. लढाई न होणं हा माझ्या लेखी दोष नाही. पण दाखला उलटतो. पोर्शियाचा युक्तिवाद करारपत्राच्या आतूनच निघतो : मांस लिहिलंय, रक्त लिहिलेलं नाही. तो शायलॉकच्याच अक्षरांवर उभा आहे, आणि त्यानंतर शायलॉक सगळं गमावतो, मालमत्ता आणि धर्मसुद्धा. त्या नाटकाचा शेवट आजही अस्वस्थ करतो तो म्हणूनच. नाउएल मात्र बाहेरून येतो. बेटावरच्या कामवालीच्या तोंडी असल्या मुलांच्या दंतकथेचा पुसटसा उल्लेख आधी येऊन गेला आहे, तेवढं श्रेय द्यायला हवं. पण बेलानं, एडवर्डनं, जेकबनं केलेल्या कुठल्याही निवडीतून तो उगवत नाही. अन्‌ बर्फावर कुणी काही गमावत नाही, इरिना सोडून. आणि इरिना तोवर कुणाची लाडकी झालेली नसते.

२०१२ च्या चित्रपटानं हे कबूलच करून टाकलं. बिल काँडन यांचं दिग्दर्शन आणि मेलिसा रोझेनबर्ग यांची पटकथा. त्यांत लढाई होते. सर्वांचा आधार असलेला कार्लाइल मरतो, जास्पर मरतो, सेथ आणि लीया मरतात. चित्रपटगृहात माझ्या आजूबाजूच्या मुली अक्षरशः किंचाळल्या. मग कळतं की हे सगळं अ‍ॅलिसनं व्होल्तुरींच्या आरोला दाखवलेलं संभाव्य भविष्य होतं. सगळे जिवंत. युक्ती स्वस्त आहे, पण ती का लागली हे पाहा. पटकथाकारांना कळलं होतं की किंमत निदान दाखवल्याशिवाय ही गोष्ट पडद्यावर उभी राहणार नाही.

'ब्रेकिंग डॉन'वर दुसऱ्या बाजूनं पुष्कळ टीका झाली आहे. लवकर लग्न, गर्भपाताला नकार, आई होण्यातली सार्थकता, तान्ह्या मुलीशी जोडलेली जन्माची गाठ. लेखिकेच्या मॉर्मन पार्श्वभूमीशी हे जोडून वाचलं गेलं. त्यातले बरेच मुद्दे मला पटतात, शेवटचा तर पूर्णच. तरी ते भाचीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हेत. तिची तक्रार मूल्यांबद्दल नव्हती. बेलानं आई व्हायचं ठरवलं याचा तिला राग नव्हता. ठरवलं आणि त्यापायी तिचं काहीच गेलं नाही, याचा होता. सोळा वर्षांच्या मुलीनं रचनेतला दोष अचूक पकडला होता. मी पेपर तपासत होते.

हे पुस्तक २००९ मध्ये ब्रिटिश बुक अवॉर्ड्समध्ये वर्षातलं सर्वोत्तम बालपुस्तक ठरलं, हेही नोंदवते. पुरस्कार देणाऱ्यांचं आणि पुस्तक परत करू निघालेल्यांचं वाचन एकाच पुस्तकाचं होतं.

मायर यांना किंमत मोजायला लावणारा शेवट लिहिता येत नव्हता का? येत होता. २०१० मध्ये त्यांनी ब्रीवर छोटी कादंबरी लिहिली, 'द शॉर्ट सेकंड लाइफ ऑफ ब्री टॅनर'. शीर्षकातच मृत्यू आहे, आणि 'एक्लिप्स' वाचलेल्याला तो कसा येणार तेही ठाऊक. सुटकेला वाव नाही, म्हणून दर पानाला वजन आहे. 'ब्रेकिंग डॉन'च्या मानानं इवलंसं पुस्तक, पण मला ते मालिकेचा खरा शेवट वाटतं. अर्थात हे माझं मत. भाचीनं ते वाचलेलंच नाही.

राहते रोझली. 'अनहॅपी एंडिंग' सांगणारी ती, आणि 'ब्रेकिंग डॉन'च्या शेवटच्या प्रकरणाचं नाव आहे 'द हॅपिली एव्हर आफ्टर'. बेलाच्या गरोदरपणात रोझली तिच्या बाजूनं उभी राहते, आणि जेकबला वाटतं तिला बेला नको, मूल हवंय. ही शंका पुस्तकातल्या सर्वांत धारदार गोष्टींपैकी एक आहे. इथून एक भयंकर, खरीखुरी कादंबरी निघू शकली असती : जिला मूल कधीच होणार नाही अशी बाई, आणि जिचं मूल तिला मारतं आहे अशी दुसरी. पण बेला जगते, मुलगी सगळ्यांची होते, आणि रोझलीच्या मांडीवरही ती अधूनमधून दिली जाते. तिला काय वाटतं हे मग कुणी विचारत नाही. मी तिसऱ्या भागात तिची वाक्यं शोधत बसले होते. फार सापडली नाहीत.

या गणपतीत भाची भेटली. आता तिलाच दोन वर्षांचा मुलगा आहे. मी पुन्हा वाचलं म्हटल्यावर हसली. ती चार पुस्तकं अजून माहेरच्या माळ्यावर आहेत म्हणाली, आणि चौथं अजूनही मधेच उघडून वाचते, पण फक्त जेकबचा भाग. "बाळंतपणानंतर परत वाचला," ती म्हणाली. "त्याच्या पुढचं नाही वाचत, मावशी."